आर्क्टिकचा फॅलारोप आणि आपला अरबी समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडीवरच्या रविवारच्या फेरीत फ्लेमिंगो बघून झाले, टपरीवर चहा आला, की कुणीतरी हमखास विचारतं, "तो पाण्यात गरगर फिरणारा पक्षी कोणता हो? व्हिडिओ आला होता." मग प्रश्नाला प्रश्न फुटत जातात. दर वेळी तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत. त्याला इलाज नाही, पक्षीच तसा आहे.

हा पक्षी नेमका कोणता?

रेड-नेक्ड फॅलारोप. शास्त्रीय नाव फॅलारोपस लोबेटस, लिनीअसने १७५८ साली नोंदवलेला. लांबी १८-१९ सेंटिमीटर, वजन साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे साळुंकीपेक्षा लहान, चिमणीपेक्षा जरासा जड आणि वडापावातल्या वड्यापेक्षा नक्कीच हलका. चोच काळी, सरळ, सुईसारखी बारीक.

कुळाने तो चिखलात चोच खुपसत फिरणाऱ्या तुतवार-टिलव्यांचा भाऊबंद. पण त्यांचं सगळं आयुष्य किनाऱ्याच्या ओल्या पट्टीवर जातं, आणि हा वर्षातले बहुतेक महिने जमिनीला पाय न लावता भर समुद्रात काढतो. त्यासाठी त्याची बोटं खास आहेत. बदकासारखा पूर्ण पडदा नाही, प्रत्येक बोटाच्या कडेला पाकळ्यांसारख्या चपट्या झालरी आहेत. अशीच बोटं आपल्या तळ्यांवरच्या चांदव्याची असतात, ज्याला काही ठिकाणी वारकरी म्हणतात. फॅलारोप या ग्रीक शब्दाचा अर्थही तोच, चांदव्याच्या पायाचा.

जगात फॅलारोप तीनच. हा एक. दुसरा रेड फॅलारोप, तोही आर्क्टिकमध्ये घरटं करणारा आणि थंडीत समुद्रावर राहणारा. तिसरा विल्सनचा, तो उत्तर अमेरिकेच्या आतल्या भागातला, थंडीत दक्षिण अमेरिकेतल्या खाऱ्या तळ्यांवर उतरणारा. या पानावर पहिल्याचंच बोलणं आहे.

मराठीत नाव काय?

सगळ्यांच्या तोंडी रुळलेलं एक नाव नाही. इतका गरगरतो म्हटल्यावर 'भिंगरी' म्हणायचा मोह होतो, पण ते नाव आधीच पाकोळ्यांच्या भावकीला देऊन बसलोय, माळभिंगरी, तारवाली भिंगरी वगैरे. आमच्या टोळक्यात त्याला 'भोवऱ्या' म्हणतात. हे घरचं नाव आहे, पुस्तकात शोधू नका.

वर्सोव्याच्या एका तांडेलांना एकदा मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी लगेच ओळखला. "हां, ही लाटेवर बसलेली असतात, थव्यानं. खोल पाण्यात गेलं की दिसतात." नाव विचारलं तर हसले. "खायच्या कामाची नाहीत. नाव कशाला ठेवायचं?" आइसलँडमध्ये मात्र हा लोकांच्या दारातल्या डबक्यांवर येतो, त्यामुळे तिथे त्याला जुन्या देवाचं नाव लाभलंय, ओदिन्सहानी, म्हणजे ओदिनचा कोंबडा.

गेटवेहून मांडव्याला जाताना बोटीमागे गाठ्या खायला येतात, तेच का हे?

नाही. ते कुरव, म्हणजे सीगल. बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे, जे थंडीत इथे येतात तेव्हा डोकं जवळपास पांढरंच असतं, म्हणून लोकांचा नावावर विश्वास बसत नाही. त्यांच्यात अधूनमधून गडद राखाडी पाठीचा एक दांडगा कुरव दिसतो, तो ह्युग्लिनचा. तो रशियाच्या टुंड्रातून, म्हणजे आर्क्टिकच्या बिनझाडांच्या माळावरून येतो, तेव्हा आर्क्टिकचं माणूस बघायचंच असेल तर तो आहे तुमच्या बोटीमागे. आणि गाठ्या घालू नका हो. तळलेलं बेसन हे कुणाचंच समुद्री अन्न नाही.

आर्क्टिकचा पक्षी आपल्या समुद्रात कशाला येतो?

मला हा प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. आपल्या समुद्रातला पक्षी आर्क्टिकला कशाला जातो?

हिशेब करा. मेअखेर-जूनमध्ये तो टुंड्रावर पोचतो. बर्फ वितळून झालेल्या डबक्यांकाठी घरटं, अंडी, पिल्लं. मादी जूनअखेर-जुलैतच परत निघते, नर त्यानंतर, त्या वर्षीची पिल्लं सगळ्यात शेवटी. म्हणजे एका पक्ष्याचा तिथला मुक्काम दीड ते अडीच महिन्यांचा. उरलेलं वर्ष प्रवासात आणि समुद्रावर. आणि स्कँडिनेव्हिया, रशियाकडच्या फॅलारोपांचा तो समुद्र म्हणजे अरबी समुद्र. परळच्या चाळीत राहणारा चाकरमानी मे महिन्यात कोकणात जातो, आंबे-फणस खातो, लग्नं उरकतो, आणि पाऊस लागायच्या आत परत येतो. त्याला आपण कोकणातला म्हणतो, कारण गाव तिकडे. पण रेशनकार्ड मुंबईचं, धकाधकी मुंबईची. फॅलारोपचं तसंच आहे. गाव टुंड्रा, बिऱ्हाड अरबी समुद्र. गंमत म्हणजे हाही गावाला निघतो तो एप्रिल-मेच्याच सुमारास.

बिऱ्हाड इथेच का, तर पोटापाण्यासाठी. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर जोरात वाहतात आणि वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात. त्याची जागा भरायला खालचं थंड, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीहून लहान कवचधारी जीव वाढतात, आणि हे कोपेपॉड म्हणजे फॅलारोपचा डाळभात. इकडे हिंदमाताला पाणी तुंबवणारा तोच मोसमी वारा तिकडे याचा स्वयंपाक रांधत असतो. पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरात येऊन पोचतो तेव्हा पान वाढलेलं असतं. पुढे हिवाळ्यात ईशान्येचे कोरडे, गार वारे उत्तर अरबी समुद्राचं पाणी पुन्हा ढवळतात आणि दुसरी पंगत बसते.

जगभरातल्या या जातीचे हिवाळी मुक्काम मुख्यतः तीन: अरबी समुद्र, दक्षिण अमेरिकेत पेरूच्या बाजूचा पॅसिफिक, आणि फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचे समुद्र. तिन्हीकडे झाडाला टेकणं नाही, किनाऱ्यावर येणं नाही. लाटांवरच जेवण, लाटांवरच झोप.

मग मुंबईत दिसत का नाही?

कारण आपण समुद्र कठड्यावरून बघतो. मरीन ड्राइव्हवर बसून शंभर संध्याकाळी घालवल्या तरी हा दिसायचा नाही. अरबी समुद्रातली मोठी गर्दी ओमान, येमेन, पाकिस्तानच्या बाजूला आणि मधल्या खोल पाण्यावर असते. आपल्या बाजूला कमी, आणि तेही किनारा नजरेआड झाल्यावर. दोन प्रवाह भेटतात तिथे पाण्यावर फेसाची, शेवाळाची, वाहून आलेल्या काटक्यांची एक लांबच लांब रेघ उमटते. प्लवक त्या रेघेवर गोळा होतात. फॅलारोप तीच रेघ धरून बसलेले असतात. लांबून बघाल तर कुणीतरी पाण्यावर मिरी भुरभुरवली आहेत असं वाटतं.

किनाऱ्यावर दिसायची संधी वर्षातून दोनदा. सप्टेंबर-ऑक्टोबरात येताना आणि एप्रिल-मेमध्ये जाताना एखाददुसरा चुकार पक्षी मिठागरात किंवा खाडीलगतच्या उथळ पाण्यावर उतरतो. भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर, उरणकडची पाणथळ जागा, अशा ठिकाणी डोळे उघडे ठेवा. जोरदार वारं सुटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गेलात तर जास्त बरं. खात्रीनेच बघायचा असेल तर रात्रीची गाडी पकडून जामनगर-कच्छची मिठागरं गाठा, तिथे तो बराच नियमित आहे.

मच्छीमारांच्या पंचांगाशी याचं वेळापत्रक चांगलं जुळतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या. भोवऱ्याही तेव्हा गावाला. नारळी पौर्णिमा होऊन बोटी खोल पाण्यात जायला लागतात, तेव्हा हाही तिकडून परतीच्या वाटेवर असतो.

ओळखायचा कसा? लाल मान तर दिसली नाही.

दिसणारच नाही. लाल मान हा लग्नसराईतला पोशाख. आपल्याकडे येतो तेव्हा पाठ राखाडी, तिच्यावर फिकट रेघा, पोट पांढरंशुभ्र, आणि डोळ्यापासून मागे गेलेला काळा पट्टा, काजळ ओघळल्यासारखा. तो काळा डाग आणि सुईसारखी चोच दिसली, आणि पक्षी चालत नसून पोहतोय, एवढं पुरे. त्याच्या आकाराचे टिलवे सहसा पोहत नाहीत. पाण्यावर बुचासारखा हलका, उंच तरंगतो, मान ताठ. सारखी मान डोलावत असतो.

तो गरगर का फिरतो? डोक्यात काही बिघाड असतो का?

बिघाड नाही, भूक. हे मी एकदा फार जवळून पाहिलं आहे. सप्टेंबरअखेर, एका मिठागराच्या बांधावर सकाळचे साडेसात. पाणी घोट्याएवढं. दहा-बारा पावलांवर एकच पक्षी, माझ्याकडे ढुंकूनही न बघता फिरत होता. मी मोबाइलवर घड्याळ लावून फेऱ्या मोजायला लागलो. पहिल्या मिनिटात पन्नासच्या वर गेल्या, मग मीच चुकलो. प्रत्येक फेरीत एकदा-दोनदा चोच पाण्याला टेकत होती, शिलाई मशीनची सुई टेकते तशी. मध्येच थांबायचा, हातभर पुढे सरकायचा, पुन्हा सुरू. मी उकिडवा बसलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या, त्याला काही झालं नाही.

त्यामागचं यंत्र असं. फिरताना तो पायांनी वरचं पाणी बाहेरच्या बाजूला फेकत राहतो. वरचं पाणी सरकलं की पोकळी भरायला खालचं पाणी वर चढतं, आणि त्याच्याबरोबर खाली असलेले कोपेपॉड, अळ्या वगैरे लिफ्टमध्ये बसल्यासारखे वर येतात, बरोबर पक्ष्याच्या चोचीपुढे. १९९६ साली नेचर या नियतकालिकात यावरचा अभ्यास आला होता. पाण्यात रंग सोडून, चित्रण करून संशोधकांनी दाखवलं की सुमारे अर्ध्या मीटर खोलीवरचं खाणंही असं वर ओढलं जातं. फेरीचा वेग साधारण सेकंदाला एक.

मिनिटाला शंभराहून जास्त वेळा टोच मारू शकणारा हा पक्षी बुडी मात्र मारू शकत नाही. पिसांत इतकी हवा साठलेली असते की दाबून धरला तरी वर येईल. आता ज्याला विहिरीत उतरता येत नाही त्याने काय करावं? रहाट फिरवावा. तेच तो करतो.

खाणं आधीच वर असेल, म्हणजे फेसाच्या रेघेवर वगैरे, तर तो फिरत नाही. सरळ टिपत जातो. उगाच मेहनत करणारा पक्षी नाही हा.

एवढ्या बारीक चोचीने तो पाणी गिळतो की किडा?

छान प्रश्न, हा मला एका सातवीतल्या मुलीने विचारला होता. चोच लांब, किडा टोकाला, आणि फॅलारोपची जीभ तो आत ओढायला कामाची नाही. चिमट्याच्या टोकाला धरलेला साबुदाण्याचा दाणा हात न लावता चिमट्याच्या मुळाशी आणायचा, असं कोडं आहे.

उत्तर पाण्याच्या थेंबात आहे. चोच पाण्यात बुडवून काढली की दोन्ही चोचींच्या फटीत एक थेंब अडकतो आणि त्यात किडा. आता पक्षी चोच पटापट उघडतो-मिटतो. पृष्ठताणामुळे थेंबाला अरुंद जागेकडे जायची ओढ असते, त्यामुळे प्रत्येक उघडझापीला तो एकेक पायरी घशाकडे सरकतो. तोंडाशी आला की किडा आत, पाणी बाहेर. १९९३ मध्ये संशोधकांनी फॅलारोपच्या बाबतीत हे दाखवलं, आणि २००८ मध्ये सायन्स नियतकालिकात त्याचं भौतिकशास्त्र सविस्तर आलं. या दुसऱ्या अभ्यासात चोचीच्या आकाराच्या धातूच्या पट्ट्या करून थेंब चढवून दाखवले.

घरी करून बघा. दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या एका टोकाला चिकटवून व्ही आकार करा, मध्ये थेंब सोडा, हलकेच उघडा-मिटा. मग पट्ट्यांना भांड्याच्या साबणाचं बोट लावून पुन्हा करा. थेंब पसरतो, चढत नाही. हा शेवटचा प्रयोग लक्षात ठेवा, खाली तेलाबद्दल लिहिलंय तिथे लागेल.

समुद्राचं खारं पाणी चालतं त्याला?

चालतं. डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात, समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्यांत असतातच. जास्तीचं मीठ नाकपुड्यांवाटे थेंबाथेंबाने बाहेर पडतं.

आर्क्टिकमध्ये थंडी वाजत नाही?

तो तिथे असतो तेव्हा उन्हाळा असतो. सूर्य मावळत नाही, आणि डास इतके की आपल्या कुर्ल्याच्या नाल्याला लाज वाटेल. त्या डासांच्या अळ्या हेच तिथलं मुख्य जेवण. खरी थंडी पडायच्या आत हा ओमानच्या समोर.

मादी भडक, नर फिका, आणि अंडी नर उबवतो, हे खरं आहे का?

अगदी खरं. फेरीत हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघतात आणि पुरुष दुर्बीण साफ करायला लागतात.

तिन्ही फॅलारोपांत मादी नरापेक्षा मोठी आणि जास्त रंगीत. या जातीत तिचं डोकं गडद राखाडी, गळा पांढरा, आणि मानेच्या बाजूंना विटकरी-तांबडा पट्टा झळझळीत. नराचा तोच पोशाख, पण धुवून धुवून विटल्यासारखा. टुंड्रावर पोचल्यावर मादी नराच्या मागे लागते, दुसरी मादी जवळ आली तर तिला पिटाळते. गवतात दोघं घरट्याचे खळगे उकरतात. मादी चार अंडी घालते, शेवाळी रंगाची, तपकिरी डागांची, गवतात ठेवली तर पायाखाली येईपर्यंत दिसणार नाहीत अशी. आणि मग तिचं काम संपलं. पोटावरची पिसं झडून उबवण्यासाठी जो उघडा, गरम पट्टा तयार होतो, तो या पक्ष्यांत फक्त नराला येतो. मादीला येतच नाही. त्यामुळे ठरवलं तरी ती उबवू शकत नाही.

नर एकटा १७ ते २१ दिवस बसतो. मादी एखादा रिकामा नर सापडला तर त्याच्यासाठी दुसरी चार अंडी घालते, नाहीतर सरळ दक्षिणेची वाट धरते. दर मादी असं दुसरं बिऱ्हाड मांडतेच असं नाही, बऱ्याचजणींचा एका हंगामात एकच जोडीदार असतो. त्यांना नावं ठेवायची घाई नको. टुंड्राचा उन्हाळा एवढुसा. कोल्हा किंवा समुद्री गिधाडासारखा वागणारा स्कुआ पक्षी घरटं फस्त करून गेला, तर पुन्हा अंडी घालायला अंगात ताकद असलेली मादी हाताशी असणं त्या नराच्याही फायद्याचं.

एका काकूंनी विचारलं होतं, "मग यांच्यात सासर कुणाचं?" उत्तर अजून सुचलेलं नाही.

पिल्लांना कोण भरवतं?

कुणीच नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर दिवसाच्या आत पिल्लं घरटं सोडतात आणि स्वतः टिपून खातात. बाप ऊब देतो, धोका दिसला की ओरडतो. तीनेक आठवड्यांत ती उडू लागतात, तोवर बापही कधी निघून गेलेला असतो. पुढचा हजारो किलोमीटरचा रस्ता पिल्लांना कुणी दाखवत नाही.

ते कुठून कुठे जातात हे कळलं कसं? एवढ्याशा पक्ष्याला जीपीएस पेलतं का?

बराच काळ कळलंच नव्हतं. मग जिओलोकेटर आले, एका ग्रॅमपेक्षा हलके. हे यंत्र काही पाठवत नाही, फक्त वेळ आणि उजेड नोंदवत राहतं. सूर्य किती वाजता उगवला-मावळला यावरून पक्षी पृथ्वीवर साधारण कुठे होता हे काढता येतं. अट एकच, वर्षभराने तोच पक्षी त्याच जागी परत पकडावा लागतो.

२०१२ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांपैकी फेटलर इथे दहा फॅलारोपांना अशी यंत्रं बांधली. पुढच्या वर्षी त्यांतला एक नर हाती लागला. सगळ्यांचा अंदाज होता की तो अरबी समुद्रात गेला असेल. निघालं भलतंच. तो अटलांटिक ओलांडून आइसलँड-ग्रीनलंडवरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरला, कॅरिबियन आणि मेक्सिको पार करून पॅसिफिकमध्ये, इक्वेडोर-पेरूच्या समोर. जाऊन-येऊन सुमारे २६,००० किलोमीटर.

त्याच्यापासून फार लांब नसलेल्या नॉर्वे-स्वीडनच्या फॅलारोपांना नंतर यंत्रं बांधली, तर ते मात्र आपल्याकडेच आले. पूर्व युरोप, कॅस्पियनच्या परिसरातून अरबी समुद्रात. एका बाजूचं सरळ अंतर सहा हजार किलोमीटरच्या आसपास. उत्तरेच्या एकाच समुद्राभोवतीचे शेजारी, एकाचं बिऱ्हाड पेरूत, दुसऱ्याचं ओमानला.

सगळ्यात लांब प्रवास करणारा आर्क्टिकचा पक्षी हाच ना?

नाही, तो आर्क्टिक टर्न, म्हणजे आपल्या सुरयांपैकी. तो आर्क्टिक ते अंटार्क्टिक जातो-येतो. इंग्लंडच्या फार्न बेटांवरच्या एका पक्ष्याची वर्षभराची रपेट ९६,००० किलोमीटर भरली होती. मुंबईशी त्याचा संबंध नाही, म्हणून इथे एवढंच.

आर्क्टिकचे आणखी कोणते पक्षी आपल्या समुद्रावर येतात?

पोमरीन स्कुआ आणि आर्क्टिक स्कुआ. दोघेही टुंड्रावर वाढणारे आणि दोघेही लुटारू. सुरय किंवा कुरवाने मासा पकडला की त्याच्या मागे लागून, हवेतच त्रास देऊन त्याला मासा टाकायला लावतात आणि पाण्यात पडायच्या आत झेलतात. पोमरीनच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब, टोकाला पिळलेली, चमच्यासारखी. बोटीवरून हा पाठलाग बघणं म्हणजे विरार फास्टमधली चौथ्या सीटसाठीची मारामारी बघणं.

हे पक्षी कमी होताहेत का?

जागतिक यादीत ही जात अजून धोक्याबाहेर आहे, पण संख्या घटतीकडे आहे. सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट कॅनडातली. तिथल्या बे ऑफ फंडीच्या तोंडाशी १९७० च्या दशकात स्थलांतराच्या काळात वीसेक लाख फॅलारोप जमत असत. १९८० च्या दशकात ते झपाट्याने कमी झाले आणि दशक संपता संपता तिथे जवळपास कुणी उरलं नाही. ज्या कोपेपॉडवर ते जगत, तो पृष्ठभागावर मिळेनासा झाला होता. पक्षी मेले, की पांगले, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय. डबकी लवकर आटतात, झुडपं वर सरकताहेत. इकडे अरबी समुद्रही तापतोय, आणि त्याच्या हिवाळी प्लवकांत या शतकात मोठा फेरफार झालाय. पूर्वी जिथे डायटम नावाचे वनस्पती-प्लवक असत तिथे नॉक्टिल्युका नावाचा जीव माजतो. रात्री कोकणच्या किनाऱ्यावर निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ येतात ना, बऱ्याचदा त्यामागे हाच असतो. आपण 'काय सुंदर' म्हणून पुढे पाठवतो. कोपेपॉडांच्या ताटातलं मात्र तो पळवतो.

तेलगळतीचा त्रास होतो का?

इतर समुद्री पक्ष्यांना होतो तो होतोच, पिसं चिकटतात, ऊब जाते. फॅलारोपचं आणखी एक दुखणं आहे. वर पट्ट्यांचा प्रयोग सांगितला तो आठवा. चोचीला तेल किंवा साबणाचा अंश लागला की थेंब चढत नाही, म्हणजे समोर अन्न असून घास घशाखाली उतरत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल समुद्रात गेलं, ते बऱ्याचजणांच्या लक्षात असेल. पण दर पावसाळ्यात जुहूला पायाला चिकटणारे डांबराचे गोळे कुठल्याही बातमीशिवाय येत असतात. शिवाय फेसाच्या ज्या रेघेवर प्लवक जमतात, त्याच रेघेवर प्लॅस्टिकचे कणही जमतात. फॅलारोपांच्या पोटात ते सापडलेले आहेत.

थकलेला किंवा जखमी फॅलारोप सापडला तर?

वादळानंतर असे पक्षी क्वचित गच्चीवर, रस्त्यावर सापडतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला जुना सुती कपडा घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा, खोका शांत अंधाऱ्या जागी ठेवा. चोच उघडून पाणी पाजू नका. पाव, भात, दूध काही नको. बादलीत पोहायला सोडू नका, पिसांचा जलरोधकपणा गेलेला असेल तर तो भिजून गारठेल. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. बरा दिसतो म्हणून घरी ठेवायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही. आणि सेल्फी घेत बसू नका.

फोटो मिळतो का?

मिठागरात मिळतो. माणसाला फारसा घाबरत नाही, स्वस्थ बसलात तर स्वतःच जवळ येतो. बोटीवरून तुम्हाला शंभर फोटो मिळतील, नव्वद लाटांचे.

मला बोट लागते. तरी खोल समुद्रात जावं का?

जावं. आदल्या रात्री झोप पूर्ण करा, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, सकाळी तेलकट खाऊ नका, कडक बिस्किट किंवा सुका पाव चघळा, आणि बोटीच्या मध्यावर बसून क्षितिजाकडे बघा. दुर्बिणीतून सतत बघितलंत तर लवकर लागते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काहीच पाळलं नव्हतं. मिसळ खाऊन चढलो होतो. किनारा दिसेनासा झाल्यावर कठड्यावर ओणवा झालो तो तासभर सरळ झालो नाही. माझे सोबती दुसऱ्या बाजूला स्कुआ शोधत होते. मी खाली पाण्याकडे बघत असताना फेसाची एक पिवळट रेघ बोटीला घासून गेली, आणि तिच्यावर सात फॅलारोप होते, इतके जवळ की त्यांच्या गालांवरचं काजळ दिसत होतं. इतरांना हाक मारायला तोंड उघडलं, पण त्यातून हाक काही आली नाही.